नाके गेले, कागद राहिले

१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हा त्याच्या समर्थनार्थ पुढे केले गेलेले सर्वांत बोलके उदाहरण ट्रकचे होते. राज्यांच्या सीमांवर खोळंबलेल्या गाड्यांच्या रांगा आता इतिहासजमा होतील, असे सांगण्यात आले आणि काही अंशी तसे घडलेही. पहिल्या काही दिवसांतच २२ राज्यांनी आपले विक्रीकराचे तपासणी नाके बंद केले. मुंबईतील जकात ३० जूनच्या मध्यरात्री संपली आणि मुलुंड, दहिसर, मानखुर्द येथे पहाटेपर्यंत ताटकळणाऱ्या ट्रकचे दृश्य शहरवासीयांच्या नजरेआड झाले. नाका गेला, नाक्यावर जे तपासले जाई ते कागद मात्र गेले नाहीत. ते चालकाच्या केबिनमध्ये आणि मोबाइलमध्ये येऊन बसले. आज लांब पल्ल्याच्या ट्रकची जवळपास प्रत्येक हालचाल नोंदली जाते. परंतु या नोंदी कोण करतो, त्यांतील चुकीची किंमत कोण मोजतो आणि प्रत्यक्ष गाडी हाकणाऱ्या माणसाची नोंद कोठे असते, हे तपासू लागले की या व्यवस्थेतील विसंगती उघड होते.

चालकाजवळ असणाऱ्या कागदांचे दोन गट पडतात. पहिला गट गाडीचा आणि स्वतः चालकाचा : नोंदणी प्रमाणपत्र, योग्यता प्रमाणपत्र, विमा, पीयूसी, राष्ट्रीय परवाना आणि लायसन्स. ऑक्टोबर २०२० पासून हे कागद इलेक्ट्रॉनिक स्वरूपात दाखवण्यास नियमांनीच मुभा दिल्याने हा भार पुष्कळ हलका झाला आहे. दुसरा गट मालाचा : बीजक, बिल्टी, काटापावती आणि ई-वे बिल. खरी अडचण येथे आहे. बीजक माल पाठवणारा व्यापारी करतो, बिल्टी वाहतूक एजन्सी फाडते, ई-वे बिल या दोघांपैकी कोणाच्या तरी संगणकावर तयार होते. एक-दोन गाड्या बाळगून त्या एजन्सीला भाड्याने देणारा छोटा मालक तर वस्तू व सेवा कराच्या जाळ्याबाहेरच असतो. ज्या कागदांवर त्याची गाडी धावते, त्यांपैकी एकही त्याने किंवा त्याच्या चालकाने केलेला नसतो. मात्र रस्त्यात गाडी अडवली जाते, तेव्हा तपासनीसासमोर उभा असतो तो चालकच.

ई-वे बिलाची पद्धत आंतरराज्य वाहतुकीसाठी १ एप्रिल २०१८ पासून आणि महाराष्ट्रांतर्गत वाहतुकीसाठी २५ मे २०१८ पासून अमलात आली. सर्वसाधारणपणे ५० हजार रुपयांहून अधिक किमतीच्या मालासाठी ते आवश्यक असते. महाराष्ट्रांतर्गत वाहतुकीसाठी ही मर्यादा एक लाख रुपये आहे. त्याच्या ‘अ’ भागात मालाचा तपशील असतो, ‘ब’ भागात वाहनाचा क्रमांक. वाटेत गाडी बिघडली आणि माल दुसऱ्या गाडीत चढवला, तर ‘ब’ भाग बदलावा लागतो. बिलाला मुदतही असते. आरंभी दर १०० किलोमीटरला एक दिवस असा हिशेब होता; १ जानेवारी २०२१ पासून तो दर २०० किलोमीटरला एक दिवस असा कडक करण्यात आला. म्हणजे मुंबईहून दिल्लीपर्यंतच्या सुमारे १,४०० किलोमीटरच्या प्रवासाला सात दिवस. रस्ता सुरळीत असेल तर ही मुदत पुरेशी ठरते. परंतु घाटातली कोंडी, शहरांच्या प्रवेशबंदीच्या वेळा आणि गोदामाच्या दारात होणारी गाडीची खोटी जमेस धरली, तर हे दिवस भराभर संपतात. मुदत संपण्याच्या आधीचे आठ तास आणि नंतरचे आठ तास, एवढ्याच अवधीत मुदतवाढ मागता येते. आणि ती मागण्यासाठीही चालकाला बहुधा एजन्सीच्या कार्यालयात फोन करूनच विनवावे लागते.

चूक झाल्यास होणारा दंड लहान नसतो. केंद्रीय वस्तू व सेवा कर कायद्याच्या १२९ व्या कलमात १ जानेवारी २०२२ पासून बदल झाला. त्यानुसार करपात्र मालाचा धनी पुढे आला तर देय कराच्या २०० टक्के दंड भरून माल सोडवता येतो. धनी पुढे न आल्यास दंड मालाच्या किमतीच्या निम्म्यापर्यंत किंवा त्याहूनही वर जाऊ शकतो. हा दंड माल पाठवणाऱ्याने भरावयाचा असला, तरी तो भरला जाईपर्यंत गाडी उभी राहते. गाडी उभी म्हणजे भाडे बंद. कर्जाचा हप्ता आणि चालकाच्या पोटाचा खर्च मात्र सुरूच.

कायदा चालकाच्या बाबतीत अगदीच निष्ठुर आहे असे नाही. गाडीक्रमांकातील एखाददुसरा अंक चुकणे, नावाच्या स्पेलिंगमधील दोष अशा किरकोळ चुकांसाठी माल अडकवू नये, एकूण एक हजार रुपयांचा दंड घ्यावा, असे परिपत्रक केंद्राने १४ सप्टेंबर २०१८ रोजी काढले. वाटेत एकदा तपासलेला माल, करचुकवेगिरीची निश्चित खबर नसेल तर, पुन्हा तपासू नये असा नियम आहे. गाडी ३० मिनिटांहून अधिक काळ अडवल्यास त्याची तक्रार पोर्टलवर नोंदवण्यासाठी ‘ईडब्ल्यूबी-०४’ हा स्वतंत्र नमुनाही आहे. जप्त केलेली गाडी सोडवण्यासाठी वाहतूकदाराला दंडाइतकी किंवा एक लाख रुपये, यांपैकी कमी असलेली रक्कम भरण्याची मुभा आहे. तथापि ही तक्रार नोंदवण्याचा अधिकार ‘वाहतूकदारा’चा, महामार्गाच्या कडेला रात्री दोन वाजता उभ्या असलेल्या चालकाच्या हाती तो नसतो.

हैदराबाद येथील एका प्रकरणाने ही बाब ठळकपणे पुढे आणली. जानेवारी २०२० मध्ये आंदोलनामुळे रस्ता बंद झाला, कागदाचा माल वेळेत पोहोचला नाही, ई-वे बिलाची मुदत टळली आणि अधिकाऱ्याने कर व दंडापोटी ६९ हजार रुपये वसूल केले. तेलंगण उच्च न्यायालयाने ही वसुली रद्द ठरवून दहा हजार रुपयांचा खर्च बसवला. राज्य शासन सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा जानेवारी २०२२ मध्ये त्या न्यायालयाने खर्चाची रक्कम वाढवून ती वसूल केलेल्या रकमेइतकी, म्हणजे ६९ हजार रुपये केली. केवळ मुदत टळली म्हणून करचुकवेगिरीचा हेतू गृहीत धरता येत नाही, हे यातून स्पष्ट झाले. मात्र त्यासाठी एका कंपनीला दोन वर्षे न्यायालयीन लढाई लढावी लागली. एका ट्रकच्या मालकाला ती परवडणारी नाही.

आता प्राप्तिकराकडे वळू. दहापर्यंत मालवाहू गाड्या असणाऱ्यांना हिशेबाच्या वह्यांपासून सुटका देणारी तरतूद १९६१ च्या कायद्यात ४४एई या कलमान्वये होती. त्याची जागा घेणाऱ्या २०२५ च्या प्राप्तिकर कायद्यातही ही पद्धत कायम ठेवण्यात आली आहे. या पद्धतीत गाडीचे उत्पन्न गृहीत धरले जाते. २०१८ पर्यंत ते प्रत्येक गाडीमागे दरमहा ७,५०० रुपये होते. त्या वर्षीच्या अर्थसंकल्पाने १२ टनांहून अधिक वजनाच्या गाड्यांसाठी ते दर टनामागे दरमहा एक हजार रुपये केले. एकूण ४९ टन वजनाची गाडी असेल, तर गृहीत उत्पन्न दरमहा ४९ हजार आणि वर्षाला ५ लाख ८८ हजार रुपये होते. गाडी महिनाभर दुरुस्तीला उभी असली तरी तो महिना मोजला जातो. २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर व्यक्तीला कर द्यावा लागत नसल्याने अशा एक-दोन गाड्यांच्या मालकावर प्रत्यक्ष बोजा उरलेला नाही. तिसरी गाडी घेताच मात्र हे उत्पन्न १७ लाख ६४ हजारांवर जाते.

प्रत्यक्ष कमाई त्याहून कमी असेल तर ती दाखवण्यास कायद्याची आडकाठी नाही. अट एवढीच, की हिशेबाची पुस्तके ठेवावी आणि ती लेखापरीक्षकाकडून तपासून घ्यावी. येथेच गाडी रुतते. टोलचा हिशेब फास्टॅगमुळे आपोआप मिळतो, डिझेलची पावती मिळते. पण वाटेतली पंक्चर, हमाली, वाराई आणि चालकाचा भत्ता यांचा व्यवहार बहुतेक रोखीचा असतो. शिवाय ‘एंट्री’ या सोज्ज्वळ नावाने जे हातावर ठेवावे लागते, त्याची पावती मिळत नाही आणि बेकायदा खर्च म्हणून त्याची वजावटही मिळत नाही. हिशेब प्रामाणिकपणे ठेवायचा म्हटले, तरी त्यात हे भोक राहतेच.

इथवरच्या नोंदी मालाच्या, गाडीच्या आणि पैशाच्या झाल्या. चालकाची नोंद शोधू गेले तर हाती फारसे काही लागत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या ९१ व्या कलमाने चालकाचे तास १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याशी जोडले होते : दिवसाला आठ, आठवड्याला ४८. तो कायदा २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहितेत विलीन झाला आहे. पण पाच कामगारांहून कमी माणसे असणाऱ्या मालकांना तो लागूच नव्हता, आणि अशा छोट्या मालकांचा या व्यवसायात मोठा भरणा आहे. चालकाला फेरीमागे उक्ती रक्कम मिळते. तीतून खर्च भागवून उरेल ते त्याचे. तो किती तास जागा होता, हे कोठेही लिहिले जात नाही.

याचे परिणाम केवळ थकव्यापुरते मर्यादित नाहीत. दुसऱ्या वाहनाच्या चुकीने चालकाचा मृत्यू झाला, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण त्याच्या मासिक उत्पन्नावर भरपाई ठरवते. सर्वोच्च न्यायालयाने २००९ आणि २०१७ मध्ये घालून दिलेल्या सूत्रानुसार ३१ ते ३५ वयोगटासाठी वार्षिक उत्पन्नाला १६ ने गुणले जाते. भविष्यातील वाढीपोटी ४० टक्के मिळवले जातात आणि चार ते सहा अवलंबित असल्यास चौथा हिस्सा वजा होतो. या हिशेबाने, मासिक उत्पन्नातील सिद्ध न झालेल्या प्रत्येक हजार रुपयांमागे कुटुंबाचे सुमारे दोन लाख रुपये बुडतात. पुरावा नसला की उत्पन्न किमान वेतनाच्या आधारे ठरवण्याकडेच सहसा कल असतो. मालाच्या किमतीची अचूक नोंद असलेल्या गाडीत, तो माल नेणाऱ्याच्या कमाईचा एक चिटोराही नसावा, ही गोष्ट व्यवस्थेला शोभणारी नाही.

अन्य देशांनी नेमका हाच भाग आधी हाती घेतला. युरोपात टॅकोग्राफ हे यंत्र चालकाचे तास नोंदवते. दिवसाला सर्वसाधारण मर्यादा नऊ तासांची. अमेरिकेत डिसेंबर २०१७ पासून इलेक्ट्रॉनिक नोंदयंत्र सक्तीचे झाले असून सलग दहा तासांच्या विश्रांतीनंतर ११ तासच गाडी चालवता येते. गोदामातील खोळंब्याचे तास कोणाच्या नावावर मांडायचे, हा वाद तेथेही आहे. परंतु नोंद असल्याने निदान तो मांडता तरी येतो. भारतात सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूकमंत्री नितीन गडकरी यांनी ट्रकचालकांचे तास वैमानिकांप्रमाणे निश्चित करण्याची गरज बोलून दाखवली होती. केबिन वातानुकूलित करण्याची सक्ती १ ऑक्टोबर २०२५ पासून निर्मित होणाऱ्या नव्या ट्रकना लागू झाली. तासांच्या नोंदीची गाडी मात्र जागेवरच आहे.

करविभागाची बाजूही दुर्लक्षिता येणार नाही. मालाविना फिरणारी खोटी बिले आणि एकाच बिलावर दोनदा नेला जाणारा माल हे प्रकार काल्पनिक नाहीत. तपासणी सैल केली तर त्याचा भार अखेरीस प्रामाणिक करदात्यावरच पडेल. म्हणून कागद कमी करण्यापेक्षा त्यांची जबाबदारी योग्य माणसावर टाकणे अधिक महत्त्वाचे आहे. बिलातील दोष ज्याच्या संगणकावर झाला, त्याच्याविरुद्ध कारवाई सुरू करून गाडीला पुढे जाऊ देता येईल. व्यापाऱ्याचा नोंदणी क्रमांक सरकारदरबारी असतोच. अर्ध्या तासाच्या तक्रारीचा नमुना चालकाच्या मोबाइलवरून भरता यावा. आणि प्रत्येक फेरीला निघण्याची वेळ, पोहोचण्याची वेळ, विश्रांती व दिलेली रक्कम नोंदवणारा, मालक आणि चालक दोघांच्या सहीचा एक साधा कागद सक्तीचा व्हावा. फास्टॅग जानेवारी २०२१ पासून ई-वे बिलाशी जोडला गेला आहे. गाडी कोणत्या टोलवर किती वाजता होती, हे करअधिकाऱ्याला ज्या नोंदीवरून कळते, तीच चालकाच्या तासांचा पडताळा घेण्यासही पुरेशी आहे.

शहरांतील दूध, औषधे आणि घरपोच येणारी पुडकी ज्या चाकांवर येतात, त्यांचा माग शासनाला आज बसल्या जागी काढता येतो. स्टिअरिंगमागच्या माणसाची कमाई आणि त्याची झोप यांची नोंद त्यात येत नाही, तोवर नाके उठल्याचा लाभ मालाला आणि तिजोरीला झाला, एवढेच म्हणता येईल.