जट आली? आधी धुऊ या



शहरातल्या पार्लरमध्ये हल्ली पैसे मोजून केसांच्या जटा करून देतात. ड्रेडलॉक्स म्हणतात त्यांना. करून घेणाऱ्या मुलीला निघताना बजावलं जातं: नेमाने धूत जा, पाणी मुळापर्यंत पोचू दे, साबण आत ठेवू नकोस, ओल्या जटा बांधू नकोस. आत ओल राहिली की कुबट वास येतो, बुरशी धरते. जमैकातले रास्ताफारी लोक श्रद्धेने जटा राखतात, तेही त्या धुतात. म्हणजे जट आणि पाणी यांचं मुळात काही वैर नाही.

आपल्या बाईला मात्र जट दिसल्या दिवसापासून नेमकं उलटं सांगितलं जातं. धुवायची नाही, विंचरायची नाही, कात्रीचं तर नावही काढायचं नाही. देवी आली, यल्लम्माने बोलावलं! मग तेल, हळदकुंकू, भंडारा यांचे थर चढत जातात, धूळ बसते, गुंता घट्ट होतो. वजनाने मान अवघडते, कुशीवर झोपता येत नाही, उवा होतात, खाली जखमा होतात. पुरुषाच्या डोक्यावर जटा आल्या की लोक पाया पडतात. बाईच्याही पडतात, पण तिचा संसार, कामधंदा आणि लग्न त्या जटेच्या ताब्यात जातं. सौंदत्तीच्या यल्लम्माला मुली सोडल्या गेल्या त्यात कित्येकींच्या बाबतीत निमित्त जटेचंच होतं. देवदासी सोडण्याला कर्नाटकाने १९८२ च्या कायद्याने बंदी केली, महाराष्ट्राने २००५ च्या. पण कायदा येतो मुलगी सोडताना. तिच्या केसांत पहिली गाठ बसते तेव्हा घरात असतात फक्त सासू, शेजारीण आणि भीती.

गाठ बसते कशी, हे आधी आपण समजून घेऊ. केसावर माशासारखे बारीक खवले असतात. लोकर जशी आवळते तसे हे केस एकमेकांत अडकतात. बाळंतपण, लांबलेला ताप, मनाचं दुखणं, पाण्याची टंचाई, अशा काळात महिनाभर फणी लागली नाही तर पुरे होतं. कधी लांब केस डोक्यावर गोळा करून साबणाने जोरात चोळले, की एकाच न्हाण्यात गच्च गुंता होतो. एका रात्रीत आली म्हणून दैवी, असं बाया सांगतात ना, त्यातल्या काही खरंच अशा झटक्यात आलेल्या असतात. त्यांना खोटं पाडू नका.

हे फक्त आपल्याकडचं आहे असंही नाही. पोलंडमध्ये शतकानुशतकं अशा जटेला लोक भीत. दुखणं शरीरातून केसांत उतरलं आहे, कापलं तर माणूस आंधळा होईल, वेडा होईल, अशी समजूत होती. एकोणिसाव्या शतकात क्राकूवचे डॉक्टर युझेफ डिट्ल यांनी हा रोग नसून न धुतलेल्या केसांचा गुंता आहे, हे लोकांच्या गळी उतरवलं. डॉक्टरी पुस्तकांत या जटेला आजही पोलंडचंच नाव आहे. (यल्लम्मा तिथवर गेली नव्हती, हे सांगायला हवं का?)

आता कामाचं. जट नवी असेल, काही आठवड्यांचीच, तर बहुधा कापावी लागत नाही. खोबरेल तेल भरपूर मुरू द्या. मग टोकाकडून सुरुवात करा, मुळाकडून नव्हे. एका वेळी बोटाएवढीच बट घ्यायची, मुळाशी घट्ट धरायची म्हणजे ओढ बसत नाही, आणि विणायच्या सुईने एकेक केस सोडवायचा. दोन-तीन बैठका लागतील. चहा ठेवा, गप्पा मारा. सुटलेले केस कोमट पाण्याने, शिकेकाईने किंवा शाम्पूने वरून खाली हात फिरवत धुवा, चोळू नका. पूर्ण वाळवा. डोक्याला जखम असेल, पू असेल तर आधी दवाखाना.

जुनी जट कापावीच लागते. महाराष्ट्रात अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्या हे काम करत आल्या आहेत, त्यांच्याकडून शिकण्यासारखं खूप आहे. माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे: बाई स्वतः हो म्हणेपर्यंत कात्री पिशवीतच राहू द्या. नवरा हो म्हणाला, सरपंच हो म्हणाले, हे चालणार नाही. तिला अजून ठेवायचीच असेल तर ठेवू दे. तिला धुवायला शिकवा, हळदकुंकवाचे थर काढून द्या, आणि पुन्हा जा. धुतल्याने काही वाईट झालं नाही हे तिने स्वतः पाहिलं की पुढचं बोलणं सोपं जातं. आणि कापलेली जट हातात धरून फोटो काढणं कृपा करून थांबवा. तिचं डोकं म्हणजे आपल्या अहवालाचं मुखपृष्ठ नाही.

कापल्यानंतरचे पहिले काही आठवडे सगळ्यात कठीण. घरात कुणाला ताप आला, म्हैस आटली, तरी बोट तिच्याकडेच दाखवलं जाईल. तेव्हा दर दोन-चार दिवसांनी कुणीतरी तिच्या घरी जायचं, सासूशीही बोलायचं, आणि जाताना फणी न्यायची.