बहर सरल्यावर लिलीची निगा

चैत्र-वैशाखात ज्यांच्या अंगणात लिलीने तांबड्या-नारिंगी फुलांचा थाट मांडला होता, त्यांच्या वाफ्यात आता नुसती पाने उरली असतील. वेदीवरील फुलदाणीचे काम संपले की त्या झाडाकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. किंबहुना अंगण स्वच्छ दिसावे म्हणून कित्येक घरी ती पाने विळ्याने बुडापासून छाटली जातात. पुढल्या वर्षी फूल येत नाही, आणि मग दोष मातीला किंवा शेजारणीच्या नजरेला दिला जातो. शेजारीण बिचारी निर्दोष असते.

आपल्या खेड्यांतून जिला सरसकट लिली म्हणतात ती बहुधा खरी लिली नव्हे. तिचे कूळ दक्षिण अमेरिकेतील. शास्त्रीय नाव हिप्पीअ‍ॅस्ट्रम. हे नाव विल्यम हर्बर्ट या इंग्रज धर्मोपदेशकाने १८२१ साली दिले. धर्मोपदेशकांना फुलझाडांचा नाद आजकालचा नाही, एवढेच आम्ही नम्रपणे सुचवितो! शुभवर्तमानातील रानच्या भूकमळांशी तिची सांगड घालण्याचा मोह होतो खरा. परंतु ते फूल नेमके कोणते, याविषयी विद्वानांचे एकमत नाही.

आता मुख्य गोष्ट. पुढल्या वर्षीची कळी कांद्याच्या पोटात चालू हंगामातच घडत असते, आणि तिला लागणारे अन्न ही हिरवी पाने तयार करतात. सामान्यतः चार पानांमागे एक फुलोरा धरतो. म्हणजे पाने कापणे हे उभे पीक कापण्यासारखेच झाले. कापावयाचेच असेल तर सुकलेले फूल कापावे. त्यामागे बोंड धरते व त्यात काळ्या, कागदासारख्या पातळ बिया भरतात; बियांची हौस नसेल तर बोंड कोवळे असतानाच खुडावे, म्हणजे कांद्याची शक्ती वाया जात नाही. पोकळ दांडा मात्र आपोआप पिवळा पडू द्यावा.

पाऊस सुरू होण्यापूर्वी बुडाभोवती चांगले कुजलेले शेणखत आणि मूठभर चुलीची राख घालावी. ताजे शेण नको. बेळगाव-खानापूरकडील पावसात वाफ्यात पाणी तुंबले तर कांदा कुजतो. म्हणून वाफा आजूबाजूच्या जमिनीपेक्षा वीतभर उंच असावा आणि कांद्याची मान मातीच्या वर राहावी. ह्याच दिवसांत काळ्या अंगावर पांढरे व तांबूस ठिपके असलेल्या अळ्या येतात. दोनचार दिवसांत त्या पानांचा फडशा पाडतात. रोज सकाळी पानांची खालची बाजू पाहावी, अळ्या वेचून साबणाच्या पाण्यात टाकाव्यात. हे काम मुलांकडे सोपविल्यास ती आनंदाने करतील, फक्त नंतर हात धुवावयास लावावे.

दिवाळीनंतर पाणी हळूहळू तोडावे. पाने पिवळी पडून सुकली की मगच ती काढावीत, आणि दोन-अडीच महिने झाडाला विश्रांती द्यावी. माघ-फाल्गुनात कळीचे टोक दिसले की पुन्हा पाणी सुरू करावे. दरवर्षी कांदे उकरण्याचे कारण नाही. तीन-चार वर्षांनी दाटी झाली म्हणजे पिल्ले वेगळी करून लावावीत. उकरलेले कांदे स्वयंपाकघरातील कांद्यांजवळ कदापि ठेवू नयेत. त्यांत लायकोरीन नावाचे विष असते व चुकून खाण्यात आल्यास जोराच्या उलट्या होतात. माळ्यावर वेगळ्या टोपलीत, चिठ्ठी लावूनच ठेवावे. जनावरांच्या दावणीजवळही नकोत.

राहिली खरी लिली, म्हणजे ईस्टरला कुंडीत विकत मिळणारी पांढरी. पानांचा नियम तिलाही लागू आहे. परंतु तिच्या कांद्यावर कोरडे साल नसल्याने तो उघड्यावर वाळतो, आणि फुलण्यापूर्वी त्यास सुमारे सहा आठवडे थंडी लागते. आपल्या सपाटीवरचा हिवाळा तेवढा कडक नसतो, त्यामुळे दुसऱ्या वर्षी ती बहुधा रुसते. ज्यांच्या घरी फ्रिज आहे त्यांनी पाने सुकल्यावर कांदा ओलसर भुशात गुंडाळून तेथे ठेवून पाहावा, मात्र पिकत्या फळांपासून दूर. फळांतून सुटणारा वायू कळीला मारक ठरतो. घरात मांजर असेल तर ही कुंडी आणूच नये. तिचे पान किंवा पराग पोटात गेल्यास मांजराचे मूत्रपिंड निकामी होते.