शेजाऱ्याचा धर्म कॉलेजात शिकायला हरकत काय?

पुणे–अहिल्यानगर रस्त्यावरचं कारेगाव आता नुसतं शेतकऱ्यांचं गाव राहिलेलं नाही. शेजारीच रांजणगाव एमआयडीसी आहे. मराठवाडा, विदर्भ, बिहार, उत्तर प्रदेशातून आलेले कामगार इथे भाड्याच्या खोल्यांत राहतात. एका भिंतीपलीकडे नमाज होते, दुसऱ्या भिंतीपलीकडे आरती, तिसऱ्या घरात बुद्धवंदना. मुलं एकाच बसने कॉलेजला जातात. पण शेजाऱ्याच्या धर्माबद्दल त्यांना जे माहीत असतं, ते बहुतेक व्हॉट्सअॅपवरून आलेलं असतं.

त्याची किंमत आपण पाहिली आहे. शेजारच्या दौंड तालुक्यात, यवतमध्ये, ऑगस्ट २०२५ मध्ये सोशल मीडियावरच्या एका पोस्टवरून जाळपोळ झाली. पोलिसांना अश्रुधूर सोडावा लागला. अशा वेळी बंदोबस्त लागतोच. पण बंदोबस्त उठल्यावर मुलांच्या डोक्यातल्या गैरसमजांचं काय? म्हणूनच पदवीच्या वर्गात जगातल्या धर्मांचा अभ्यास असावा की नाही, हा प्रश्न आपल्या घरांनीही गांभीर्याने घ्यायला हवा.

आधी कायदा पाहू. संपूर्ण सरकारी पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, असं संविधानाचं कलम २८ सांगतं. अनुदानित किंवा मान्यताप्राप्त संस्थेतही कोणावर ते लादता येत नाही. पण एखादा धर्म पाळायला शिकवणं वेगळं आणि धर्मांविषयी माहिती देणं वेगळं. २००२ साली अरुणा रॉय प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा फरक मान्य केला. म्हणजे धर्मांच्या अभ्यासाला संविधानाची आडकाठी नाही.

ही मागणी नवीनही नाही. १९४८-४९ च्या राधाकृष्णन आयोगाने पदवीच्या पहिल्या वर्षी धर्मपुरुषांची चरित्रं आणि दुसऱ्या वर्षी धर्मग्रंथांतले निवडक भाग शिकवावेत, असं सुचवलं होतं. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये पहिल्या पदवीपर्यंत प्रमुख धर्मांची नेमकी माहिती द्यावी, अशी शिफारस केली. सामान्य कॉलेजपर्यंत ती क्वचितच पोहोचली. पुणे विद्यापीठात पाली व बौद्ध अध्ययनाचा स्वतंत्र विभाग आहे, ही चांगलीच गोष्ट. पण शिरूर तालुक्यात बी.कॉम. करणाऱ्या मुलाला त्याचा काय उपयोग?

नव्या शैक्षणिक धोरणाने मात्र एक दार उघडलं आहे. महाराष्ट्रात आता पदवीला मुख्य विषयाबाहेरचे खुले वैकल्पिक विषय, मूल्यशिक्षण आणि भारतीय ज्ञान प्रणाली यांना क्रेडिट आहेत. वाणिज्य किंवा विज्ञानाच्या मुलालाही दुसऱ्या शाखेचा विषय घेता येतो. ‘जगातले धर्म’ हा विषय इथे सहज बसू शकतो.

आपल्या घरांत शंका येते, मुलाचा ईमान डळमळला तर? शंका प्रामाणिक आहे. पण आपला वारसा पाहा. अल-बिरुनी संस्कृत शिकला आणि सुमारे १०३० मध्ये त्याने हिंदूंच्या श्रद्धा व शास्त्रांवर ‘किताब-उल-हिंद’ लिहिलं. दारा शुकोहने १६५७ मध्ये उपनिषदं फारसीत आणली. एवढं लांब कशाला, आपल्या शेजारच्या श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी मराठीत ‘योगसंग्राम’ लिहिला. सूरह हुजुरातमध्ये तर वेगवेगळ्या कौमांनी एकमेकांना ओळखावं, हेच सांगितलं आहे. घरात दीनची तालीम पक्की असेल तर दुसऱ्याच्या धर्माची माहिती झाल्याने काही बिघडत नाही.

दुसरी भीती जास्त खरी आहे. मूल्यशिक्षण किंवा भारतीय ज्ञान प्रणालीच्या नावाखाली एकाच परंपरेचं कौतुक शिकवलं गेलं, तर विषय हातचा जाईल. भारतीय परंपरेत चार्वाक आहे, बुद्ध-महावीर आहेत, गुरु नानक आहेत, सूफी आहेत आणि १६१६ चं मराठी ‘क्रिस्तपुराण’ही आहे. म्हणून अटी स्पष्ट हव्यात: प्रत्येक धर्म त्याच्याच ग्रंथांतून शिकवावा, कोणाला वरचा-खालचा ठरवू नये, पूजा-प्रार्थनेची सक्ती नको आणि परीक्षा अभ्यासाची असावी, श्रद्धेची नव्हे.

याच अटींवर आपल्याबद्दलचे प्रश्नही वर्गात येतील. तलाक, पडदा, जिहाद यांवर मुलं विचारतीलच. त्यांचं उत्तर ग्रंथ समोर ठेवून, शिक्षकांच्या देखरेखीखाली मिळणं हे यूट्यूबच्या आरडाओरड्यापेक्षा केव्हाही बरं.

पालकांनी एवढं करावं. ॲडमिशनच्या वेळी खुल्या विषयांची यादी मागा. त्यात हा विषय नसेल तर हिंदू, बौद्ध, ख्रिस्ती पालकांना सोबत घेऊन प्राचार्यांना लेखी विनंती द्या. ‘स्वयम्’वर असा कोर्स असेल, तर त्याचे क्रेडिट धरतील का, तेही विचारा. ही मागणी फक्त मुसलमानांची राहिली तर फाईल तिथेच पडून राहील. आधी शेजाऱ्याचं दार ठोठावा, मग कॉलेजचं.