शुगर, गूळ आणि राजारामपुरी: काही मुद्दे

'शुगर निघाली' असं सांगणारी घरं आता कोल्हापुरात राजारामपुरीच्या प्रत्येक गल्लीत सापडतात. त्यांना मिळणारा सल्ला ठरलेला असतो: तोंडावर ताबा ठेवा. सल्ला खोटा नाही. पण मेन रोडवर काय विकलं जातं, रेशनवर काय मिळतं आणि मंडळाच्या मांडवात काय वाटलं जातं, याचा हिशोब त्यात कुठंच नसतो.

१. आधी आकडे. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार १०.१ कोटी भारतीयांना मधुमेह आहे आणि आणखी १३.६ कोटी उंबरठ्यावर आहेत. शेजारचा गोवा २६.४ टक्क्यांनी देशात पहिला. या उंबरठ्यावरच्यांना पथ्याचा फायदा मोठा. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या २००६ सालच्या अभ्यासात आहार आणि व्यायाम सांभाळणाऱ्या गटात मधुमेहाचा धोका २८.५ टक्क्यांनी घटला, तर मेटफॉर्मिनची गोळी घेणाऱ्यांत २६.४ टक्क्यांनी. 'पथ्यानं काय होतंय' म्हणणाऱ्यांना एवढं उत्तर पुरे.

२. आता आपल्या लाडक्या गुळाकडं वळू. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा अभिमान मलाही आहे. पण 'साखर कधीच बंद केली, आता गुळाचाच चहा' हे वाक्य आपल्याकडं ज्या समाधानानं म्हटलं जातं, ते ग्लुकोमीटरला मान्य नाही. गुळात सर्वात जास्त असतं ते सुक्रोज, म्हणजे साखरच. लोह आणि खनिजं आहेत, पण चमचाभर गुळातून ती मिळणार किती? सेंद्रिय म्हटल्यानं रसायनं कमी होतील, गोडी नाही. जोंधळ्याच्या भाकरीचंही थोडं तसंच आहे. ती चपातीपेक्षा बरी, पोट लवकर भरतं. पण ज्वारीतही सत्तर टक्क्यांच्या आसपास पिष्ट असतंच. 'भाकरी चालते' म्हणून तीन खाल्ल्या तर ती चालत नाही. एक कमी करा आणि तिच्या जागी उसळ, अंडं, काकडी, मुळा घ्या. तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावर उगीच आळ नको. त्यासोबत भाताचं दुसरं आणि तिसरं वाढप येतं, ते मोजा. मिसळीत मटकी मूठभर आणि वर 'कट' घेत घेत ब्रेडच्या किती स्लाइस जातात, तेही बघा.

३. माझा मुख्य आक्षेप चहाच्या गाड्याबद्दल आहे. पातेल्यात पाणी, दूध, पावडर आणि साखर एकत्र उकळते. गिऱ्हाईक येण्याआधीच गोडी ठरलेली असते. 'बिनसाखरेचा द्या' म्हटलं की गाडेवाले म्हणतात, 'वेगळा टाकायला लागंल, थांबा दहा मिनिटं.' सकाळच्या घाईत कोण थांबतंय? शेजारचे तिघे बघत असतात आणि माणूस निमूट 'राहू दे, तोच द्या' म्हणतो. आता हिशोब करा. कपात दोन चमचे म्हणजे साधारण दहा ग्रॅम साखर. दुकानात बसणाऱ्या माणसाचे दिवसाला पाच कप सहज होतात, म्हणजे पन्नास ग्रॅम. वरून घातलेली साखर दिवसाला पंचवीस ग्रॅमच्या आसपास राहिली तर उत्तम, असं जागतिक आरोग्य संघटना निरोगी माणसालाही सांगते. यावर उपाय बिनखर्चाचा आहे: चहा बिनसाखरेचा उकळायचा आणि साखर बाजूला बरणीत ठेवायची. ज्याला हवी तो घालील. व्यापारी मंडळींनी एक महिना करून बघावं. साखरेचा खर्च वाचला तर गाडेवाल्याचीही तक्रार राहणार नाही.

४. 'दीक्षित की दिवेकर' या आहारपद्धतींच्या वादानं २०१८-१९ च्या सुमारास महाराष्ट्रातली जेवणाची टेबलं तापवली होती. दीक्षित सांगतात दोनदाच जेवा, दिवेकर सांगतात थोड्या थोड्या वेळानं खा. ज्याला जे झेपेल ते त्यानं निवडावं, निकाल एचबीए१सी या रक्तचाचणीवर सोडावा: ५.७ टक्क्यांच्या खाली ठीक, ६.५ पासून मधुमेह. एकच अट आहे, आणि ती कडक आहे. ग्लिमेपिराइडची गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना डॉक्टरांना न विचारता जेवण तोडू नका. शुगर एकदम खाली जाऊन माणूस रस्त्यात कोसळतो. टाइप १ च्या पोराचं इन्सुलिन तर कुठल्याच आहारानं बंद होत नाही.

५. 'खाऊन खाऊन झालंय' हा टोमणा बंद करा. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२. दिसायला सडपातळ आणि आतून जाड असलेल्या आपल्या बांध्याची मुळं याज्ञिकांच्या कामानं आईच्या पोटातल्या कुपोषणापर्यंत शोधली. म्हणजे आज चौदाव्या गल्लीतल्या गरोदर पोरीच्या ताटात काय पडतं, हाही मधुमेहाचाच प्रश्न आहे.

६. 'निवड तुमची' म्हणायचं तर निवडीला जागा ठेवा. शिवाजी विद्यापीठाच्या आवारात सकाळी फिरायला जाणं त्याला जमतं, ज्याच्या हातात सकाळ असते. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या मावशींनी कधी फिरायचं? त्यांच्यासाठी मेन रोडचा फुटपाथ गाड्या आणि दुकानांच्या मालापासून मोकळा हवा. ते काम महापालिकेचं आहे. अन्नसुरक्षा कायद्यानं २०१३ साली रेशनवर भरडधान्यही देऊ केलं, तरी पिशवीत बहुतेक वेळा गहू-तांदूळच पडतात. ज्वारी मागण्याचा अर्ज एकेकट्यानं कशाला, गल्लीनं मिळून द्यावा.

७. 'पंधरा दिवसांत मधुमेह मुळापासून बरा' अशा जाहिरातींना १९५४ च्या जादूटोणासदृश उपायांच्या जाहिरातींवरील कायद्यानं बंदी आहे. मधुमेहाचं नाव त्याच्या यादीतच आहे. असं पत्रक हाती आलं तर कचऱ्यात टाकू नका, अन्न व औषध प्रशासनाकडं द्या.

८. मंडळांना विनंती: गणेशोत्सवातल्या आरोग्य शिबिरात बोटातून रक्त काढून चिठ्ठी हातात दिली की काम संपत नाही. जास्त आकडा निघालेल्यांची यादी ठेवा आणि पंधरा दिवसांत त्यांना दवाखान्यात घेऊन जा. तीस वर्षांपुढच्या प्रत्येकाची मधुमेह तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते.