प्रश्न कोणता आणि विचारला कोणाला? पनवेल, पणजी आणि जनमताचे माप

१/१२
नवीन पनवेलच्या सेक्टरांतून चालताना इमारतींच्या रांगा मध्येच तुटतात आणि पोदी, खांदा, आसूडगाव अशी जुनी गावे लागतात. ‘विमानतळाने तुमचे भले झाले काय?’ हा प्रश्न सेक्टरात आणि गावात विचारला, तर उत्तर एकच येईल काय? आणि केवळ सेक्टरातच विचारला, तर हाती आलेल्या टक्केवारीला ‘पनवेलकरांचे मत’ म्हणता येईल काय?

२/१२
जनमत मोजता येते. ते मोजण्याचे शास्त्रही आहे. मात्र उत्तरे येण्यापूर्वीच दोन गोष्टी ठरलेल्या असतात: प्रश्न कोणता आणि तो कोणाला. या दोन गोष्टींना निकालाइतकेच महत्त्व दिले पाहिजे, हे सांगणारा मोठा धडा मराठी मुलखाच्या शेजारीच घडला. स्थळ गोवा, दिनांक १६ जानेवारी १९६७.

३/१२
१९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला. १९६३ च्या पहिल्या निवडणुकीत दयानंद बांदोडकरांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सत्तेवर आला. हा पक्ष महाराष्ट्रात विलीनीकरणाचा पुरस्कर्ता असल्याने, जनतेने कौल दिलाच आहे, असे विलीनीकरणवाद्यांचे म्हणणे होते. डॉ. जॅक सिक्वेरा यांच्या युनायटेड गोवन्स पक्षाचा प्रतिवाद असा, की सरकार निवडणे हा एक प्रश्न आणि प्रदेशाचे भवितव्य ठरवणे हा दुसरा.

४/१२
अखेर संसदेने कायदा करून स्वतंत्र जनमत कौल ठरवला. तो निःपक्ष व्हावा म्हणून बांदोडकर मुख्यमंत्रिपदावरून दूर झाले. मतपत्रिकेवर दोनच चिन्हे होती: विलीनीकरणासाठी फूल, केंद्रशासित राहण्यासाठी दोन पाने. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली, विरोधात १,७२,१९१. फरक ३४,०२१ मतांचा. गोवा वेगळा राहिला.

५/१२
पुढे काय घडले, हे अनेकदा सांगायचे राहून जाते. त्याच वर्षी मार्चमध्ये विधानसभा निवडणूक झाली आणि त्याच मतदारांनी विलीनीकरणवादी पक्षालाच पुन्हा बहुमत दिले. बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले. जनता चंचल होती काय? मुळीच नव्हती. जानेवारीत तिला एक प्रश्न विचारला गेला होता आणि मार्चमध्ये दुसरा. दोन्ही उत्तरे प्रामाणिक होती. १९६३ चे मतदान हाच विलीनीकरणाचा कौल मानला असता, तर जनतेच्या तोंडी न दिलेले उत्तर घातले गेले असते.

६/१२
जानेवारीचा प्रश्नही निर्दोष नव्हता. ‘स्वतंत्र घटक राज्य’ हा पर्याय मतपत्रिकेवर नव्हताच. ज्यांना पूर्ण राज्य हवे होते, त्यांनाही दोन पानांचाच आसरा घ्यावा लागला. त्यामुळे ‘केंद्रशासित राहू’ या मतांत नेमके किती जण केंद्रशासित अवस्थेवर संतुष्ट होते, हे त्या आकड्यातून कळू शकत नाही. तो न छापलेला पर्याय ३० मे १९८७ रोजी प्रत्यक्षात आला. शिवाय मुंबईसारख्या ठिकाणी स्थायिक झालेल्या गोमंतकीयांना कौलात भाग घेता आला नाही. चौकट तिथेही होती.

७/१२
गोव्यातला कौल हे नमुना-सर्वेक्षण नव्हते. तिथे सर्व मतदारांना विचारणा झाली होती. सर्वांना विचारूनही प्रश्नाची चौकट उत्तराला आकार देते, तर मोजक्यांना विचारताना किती जपावे लागेल! अमेरिकेत १९३६ साली ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी पत्रिका पाठवल्या, वीस लाखांहून अधिक परत आल्या आणि भाकीत साफ चुकले. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्ये जिंकले.

८/१२
त्या पत्रिका प्रामुख्याने दूरध्वनी आणि मोटारी असलेल्यांच्या याद्यांवरून गेल्या होत्या, आणि उत्तर देणारे ज्याच्या-त्याच्या उत्साहाने दिले तेवढेच. जॉर्ज गॅलप यांनी त्याहून कितीतरी लहान नमुन्यावर विजेता अचूक सांगितला. यादृच्छिक पद्धतीने निवडलेली हजार माणसे साधारण तीन टक्क्यांच्या फरकाने मोठ्या लोकसंख्येचे मत सांगू शकतात. सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावरची पाच हजार मते ते सांगू शकत नाहीत.

९/१२
महाराष्ट्राला ही विद्या परकी नाही. पुणे विद्यापीठातील राज्यशास्त्राचे अभ्यासक व. म. सिरसीकर यांनी १९६२ च्या निवडणुकीच्या निमित्ताने पुण्यातील राजकीय वर्तनाचा अभ्यास केला. तो १९६५ साली ग्रंथरूपाने आला. मतदार काय करतो, याविषयी कट्ट्यावरच्या तर्कांऐवजी मतदारालाच पद्धतशीर विचारावे, ही दृष्टी या भूमीत साठ वर्षांपूर्वीच रुजली होती.

१०/१२
आता पुन्हा पनवेल. १९७० पासून नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण भागांतील ९५ गावांच्या जमिनींचा विषय सुरू झाला. शहर कसे असावे याचे आराखडे विचारपूर्वक झाले. जमीन देणाऱ्याला काय हवे, हा प्रश्न मात्र आराखड्याच्या केंद्रस्थानी आला नाही. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात जासई-नवघर परिसरात गोळीबार झाला आणि पाच जणांनी प्राण गमावले. साडेबारा टक्के विकसित भूखंडांचे धोरण त्यानंतरच आले.

११/१२
एखाद्या प्रश्नावलीने तो गोळीबार टळला असता, असे म्हणणे भोळेपणाचे ठरेल. लोकांचे म्हणणे शासनाच्या कानी पोहोचत नव्हते, असे नाही. परंतु नीट घेतलेले सर्वेक्षण एक गोष्ट निश्चित करते: ‘हा मूठभरांचा विरोध आहे’ किंवा ‘सारी जनता आमच्या पाठीशी आहे’, ही दोन्ही वाक्ये पुराव्याविना उच्चारणे अवघड होते. ज्यांच्याजवळ व्यासपीठ नाही, त्यांच्या मताला आकड्याचे वजन मिळते.

१२/१२
‘विमानतळामुळे विकास होईल व रोजगार मिळेल, हे मान्य आहे काय?’ या एका वाक्यात दोन प्रश्न आहेत आणि अपेक्षित उत्तरही दडलेले आहे. ‘घरातील कोणाला विमानतळाशी संबंधित काम मिळाले काय?’, ‘त्यासाठी घर वा जमीन सोडावी लागली काय?’ हे प्रश्न वेगवेगळे विचारावे लागतील. सेक्टरांतही आणि विमानतळासाठी हललेल्या दहा गावांतल्या कुटुंबांतही. आगरी बोलणाऱ्या आजीला कळेल अशा शब्दांत. आणि निकाल छापताना टक्केवारीच्या वर प्रश्न जसाच्या तसा छापावा, तो कोणाला विचारला हेही छापावे. ज्या आकड्याशेजारी प्रश्न नाही, त्याला जनमत म्हणू नये.