सर्वज्ञ निवेदक आणि 'ध'चा 'मा'

३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा खून केला. पत्रातील 'धरावे'चे 'मारावे' आनंदीबाईंनी केले, हे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. मित्रहो, त्या क्षणी आनंदीबाईंच्या दालनात दुसरे कोण होते? रामशास्त्र्यांनी दोष राघोबादादांवर ठेवला हे ठाऊक आहे. पण कागदावर फिरलेली ती लेखणी पाहिली कोणी? पाहिली ती गोष्ट सांगणाऱ्याने.

साहित्यात याला सर्वज्ञ निवेदक म्हणतात. तो भिंतीपलीकडचे पाहतो, मनातले वाचतो, एकाच रात्री दोन्ही छावण्यांत हिंडतो. आपल्यापैकी बहुतेकांना इतिहासाची गोडी त्यानेच लावली. त्याला ऐतिहासिक कादंबरीतून हाकलावे, असे मी म्हणणार नाही. त्याने थोडे कमी जाणावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

हा निवेदक कादंबरीबरोबर इंग्रजीतून आला, असे मानण्याची घाई नको. कृष्णाजी अनंत सभासदाने राजाराम महाराजांच्या काळात बखर लिहिली. तीत अफजलखान चालून आला असता भवानी महाराजांना दर्शन देते आणि तिचे बोलणेही बखरकार सांगतो. १८७१ साली गुंजीकरांची 'मोचनगड' आली, तेव्हा मराठी कान या आवाजाला सरावलेला होता.

हरिभाऊ आपट्यांची जाण मात्र विलक्षण. 'पण लक्षात कोण घेतो' त्यांनी यमूच्याच तोंडून सांगितली, कारण तिचे दुःख तिच्याखेरीज कोणास ठाऊक असणार? 'उषःकाल'साठी त्यांनी सर्वज्ञ निवेदक निवडला. गड, दरबार, गुप्त मसलती हे सारे एका पात्राच्या डोळ्यांत मावणारे नव्हते. निवेदक हा असा गरजेप्रमाणे ठरतो. (आजचे अनेक लेखक तो सवयीने ठरवतात, हा वेगळा विषय.)

आता 'स्वामी' घेऊ. दप्तरात माधवरावांच्या स्वाऱ्या आहेत, कर्जाचे आकडे आहेत. रमाबाईंशी झालेला एकांत नाही. रणजित देसाईंनी तो कल्पनेने रचला आणि तो त्यांचा हक्कच होता. तेच संवाद पुढे वादात पुरावा म्हणून पुढे केले जातात, याला मात्र माझी हरकत आहे. 'कादंबरीत आहे' हे वाक्य कोणत्याही दप्तराचा क्रमांक नव्हे.

माझी खरी तक्रार निराळी आहे. मनात शिरणारा निवेदक मला चालतो; पुढचे जाणणारा खटकतो. १७६१ मध्ये सोळा वर्षांच्या ज्या मुलाला पेशवाईची वस्त्रे मिळाली, त्याच्या हाती जेमतेम अकरा वर्षे उरली होती. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला क्षयाने त्याचा अंत झाला. हे निवेदकाला पहिल्या पानापासून ठाऊक असते, म्हणून प्रत्येक खोकला अपशकुन ठरतो आणि प्रत्येक निर्णयावर मृत्यूची सावली पडते. वास्तविक तो मुलगा उद्या काय होणार हे न जाणता निर्णय घेत होता. ती अनिश्चितता गेली, की माणूस जाऊन पुतळा उरतो.

उलट काशीराज पंडित पाहा. पानिपतच्या वेळी तो शुजाउद्दौलाच्या पदरी होता. भाऊसाहेबांची अखेरची चिठ्ठी त्याच्याकडे आली, म्हणून ती आपल्याला कळते. त्या तंबूत बसलेल्याला मराठ्यांची उपासमार ऐकून, अंदाजाने, निरोपांतून समजते आणि तरीही, किंबहुना म्हणूनच, अंगावर काटा येतो.

एखाद्या नव्या कादंबरीकाराने आपल्या सर्वज्ञ निवेदकाला एकच प्रकरण त्या तंबूत कोंडून ठेवावे, अशी माझी फार इच्छा आहे. १४ जानेवारी १७६१ ची सकाळ, धूळ, तोफांचे आवाज आणि पलीकडे काय चालले आहे याचा पत्ता नाही. असे लिहिलेले मराठीत तुम्ही वाचले असेल, तर खाली नाव अवश्य सांगा.