गिअरलेस गाडीचे गिअर ऑइल

माझे असे स्पष्ट मत आहे, आणि ते ऐकले की आमच्या घरातली माणसे एकेक करून आतल्या खोलीत निघून जातात, की ज्या गृहस्थाला दूध उतू जाण्यापूर्वी गॅस बंद करता येतो त्याला स्वतःच्या स्कूटरचे तेल घरच्या घरी बदलता आलेच पाहिजे. येत नसेल तर निदान शिकायची लाज वाटू नये. आपल्याकडे मात्र उलटीच तऱ्हा. दसऱ्याला आपण स्कूटर धुतो, तिला हळदकुंकू लावतो, झेंडूचा हार घालतो, आपट्याचे पान ठेवून नमस्कारही करतो. पण तिच्या पोटाखाली एक बोल्ट आहे, तो सोडला की आतले जुने तेल बाहेर येते, एवढी साधी गोष्ट आपल्याला ठाऊक नसते. असली तरी ती आपण चारचौघांत कबूल करत नाही, कारण बोल्टला हात लावणारा माणूस आणि फायलीला हात लावणारा माणूस यांच्या जाती आपण कधीच वेगळ्या करून ठेवल्या आहेत.

आमच्या वडिलांच्या पिढीला हे अज्ञान एक वेळ माफ होते. बजाजची चेतक बाजारात आली १९७२ साली, आणि तिचा नंबर लागायला लोक वर्षानुवर्षे थांबत. ती टू-स्ट्रोक. इंजिनाचे तेल पेट्रोलमध्येच मिसळायचे, आणि ते पेट्रोलबरोबर जळून निळ्या धुरातून शेजाऱ्यांच्या गॅलरीत जायचे. इंजिनात बदलायला तेल उरायचेच नाही. गिअरबॉक्समध्ये काय ते वाटीभर. तरीसुद्धा ती माणसे रविवारी सकाळी बनियनवर खाली उतरत, प्लग काढून पॉलिश पेपरने घासत, आणि गाडी रुसली की तिला एका कुशीवर कलती करून पुन्हा उभी करत. आता आपल्या पेट्रोलच्या स्कूटर फोर-स्ट्रोक झाल्या. यांत तेच ते तेल इंजिनभर फिरत राहते, भाग एकमेकांवर घासू देत नाही, उष्णता आणि मळ अंगावर घेते, आणि घेता घेता स्वतः काळे ठिक्कर पडते. म्हणजे तेलाकडे बघण्याची खरी गरज ज्या काळात निर्माण झाली, नेमक्या त्याच काळात आपण रविवारी खाली उतरायचे बंद केले.

आता सर्व्हिसिंग नावाचा सोहळा पाहा. सकाळी गाडी न्यायची. टाय लावलेला एक मुलगा 'जॉब कार्ड' भरतो, त्यावर आपण सही करतो. मग गाडी एका दारातून आत जाते आणि त्या दारावर पाटी असते, 'ग्राहकांना प्रवेश नाही'. ऑपरेशन थिएटरच्या बाहेर निदान एक लाल दिवा तरी असतो आणि मधूनमधून एखादी नर्स बाहेर येऊन काहीतरी बोलते. इथे तेही नाही. संध्याकाळी गाडी बाहेर येते ती धुतलेली, टायरला काळे पॉलिश लावलेली. ती बघून माणूस विरघळतो. धुणे दिसते, तेल दिसत नाही. साहजिकच सगळा जोर धुण्यावर.

मग बिल. त्यात 'कन्झ्युमेबल्स' अशी एक ओळ असते. मी कॉमर्सचा पदवीधर आहे. 'किरकोळ खर्च' या खात्यात काय काय मावते हे मला बी.कॉम.च्या पहिल्या वर्षापासून माहीत आहे. एका ठिकाणी मला इंजिन ऑइल पूर्ण एक लिटर लावलेले होते. गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे तिच्यात पाऊण लिटरच्या आसपास मावते. उरलेले पाव लिटर कुठे आहे, एवढेच मी विचारले. काउंटरवरचा मुलगा माझ्याकडे असा बघू लागला, की मी जणू पोळीत किती कणीक गेली ते हॉटेलात विचारले. आमच्या कॅशमध्ये दहा रुपये कमी भरले तर कोणी घरी जात नाही, आणि इथे पाव लिटर तेल दिवसाढवळ्या खात्यातून नाहीसे होते आणि लोक 'थँक यू सर' म्हणतात.

पण माझी खरी तक्रार त्याच बिलातल्या पुढच्या ओळीबद्दल आहे. ती होती 'गिअर ऑइल'.

"अहो, पण ही गाडी गिअरलेस आहे ना?" मी म्हणालो.

"हो सर."

"मग गिअर ऑइल कशाला?"

"कंपनीचं असतं सर."

वाचकहो, मुलगा खोटे बोलत नव्हता. गिअरलेस गाडीला गिअर ऑइल खरोखरच लागते. पायाने किंवा हाताने बदलायचे गिअर तिच्यात नसतात, ते काम पट्टा आणि पुली करतात; पण मागच्या चाकाशी दातेरी चक्रांची एक छोटी पेटी असते, आणि ती स्वतःच्या वेगळ्या तेलात बुडालेली असते. तेल तरी किती, तर बहुतेक ११०-१२५ सीसीच्या स्कूटरना शंभर-सव्वाशे मिलिलिटर, म्हणजे चहाचा एक कप. ते इंजिन ऑइलपेक्षा फार उशिरा बदलायचे असते, आणि म्हणूनच ते सर्वांत आधी विसरले जाते. माझा आक्षेप हा, की कप ओतला असला तरी बिलावर तीच ओळ येते आणि नसला ओतला तरी तीच. खरी ओळ आणि खोटी ओळ यांचे अक्षर एकच.

मी कोणाला चोर म्हणत नाही. आतला मुलगा एकामागून एक गाड्या उपसत असतो. त्याच्या जागी मी असतो तर चारपाच कप मीही विसरलो असतो. बँकेत नोंद करणारा एक आणि पास करणारा दुसरा, असा नियम आहे. तो नोंद करणारा लबाड असतो म्हणून केलेला नाही; संध्याकाळच्या वेळी सज्जन माणसाच्या हातूनही एक शून्य जास्त पडते, म्हणून केलेला आहे. स्कूटरच्या बाबतीत करणारा तोच, पास करणारा तोच, आणि ज्याचे खाते आहे तो काचेमागे सोफ्यावर बसून क्रिकेट बघतो.

आता घरच्या कामाची भीती किती, ते सांगतो. गाडी सपाट जागी मधल्या स्टँडवर घ्यावी आणि तीन-चार मिनिटे चालू ठेवावी, म्हणजे तेल कोमट होऊन सैल सुटते. सायलेन्सरपासून कोपर जपावे. खाली जुनी परात. वरचे झाकण काढावे, त्यालाच तेल मोजायची काडी असते. मग योग्य मापाच्या पान्याने खालचा बोल्ट सोडावा. काळी धार लागते आणि हळूहळू थेंबांवर येते. इथे घाई करू नये. एवढ्या वेळात एक चहा होतो. काही गाड्यांत तिथेच छोटी जाळी असते, ती पुसून घ्यावी. बोल्टचा वॉशर बघावा, चेपला असेल तर नवा घालावा. बोल्ट परत लावताना पहिले काही आटे बोटांनीच फिरवावेत आणि शेवटी पान्याने बेताने आवळावा. इथे पैलवानी चालत नाही. इंजिनाचा तो भाग अ‍ॅल्युमिनियमचा असतो, आणि आटे गेले की गॅरेजवाल्याला मामा म्हणावे लागते. मग नरसाळ्याने पुस्तिकेतल्या मापाइतके तेल ओतावे, आणि काडीवरच्या दोन खुणांमध्ये पातळी आली की झाले. जास्त ओतणे हे काही पुण्य नव्हे.

तेल घेताना दुकानदार मोटरसायकलचे महाग तेल पुढे करतो, त्याला बळी पडू नये. बहुतेक मोटरसायकलींचा क्लच तेलात बुडालेला असतो. स्कूटरचा कोरडा असतो. म्हणून डब्यावर मोटरसायकलसाठी 'एमए' आणि स्कूटरसाठी 'एमबी' अशी खूण असते. '१०डब्ल्यू-३०' मधला डब्ल्यू हा वजनाचा नव्हे, विंटरचा, हेही जाता जाता सांगतो; चहाच्या वेळी ऑफिसात उपयोगी पडते.

यावर लोक म्हणतात, वॉरंटी जाईल. मान्य. वॉरंटी आहे तोवर मुकाट्याने सोफ्यावर बसा. मी बोलतो आहे ते त्यानंतरच्या दहा वर्षांबद्दल. कोणी म्हणतात, आता विजेच्या स्कूटर आल्या, खुद्द चेतकही २०२० साली विजेवर परत आली, तिच्यात इंजिन ऑइलच नाही. खरे आहे. पण जिन्याखाली उभी असलेली माझी गाडी अजून पेट्रोल पिते, आणि तिला भविष्यकाळ घालून चालत नाही.

एकच आक्षेप मला वजनदार वाटतो, तो आमच्या हिने घेतलेला. "अहो, काढलेलं तेल टाकणार कुठे?" गटारात तर नाहीच, झाडाच्या मुळाशीही नाही. २०१६ च्या नियमांत वापरलेले तेल घातक कचऱ्यात मोडते, आणि ते योग्यच आहे. मी ते जुन्या डब्यात भरून कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला देतो. त्याच्याकडचे पिंप भरले की ते शुद्धीकरणवाल्याकडे जाते. तोवर तो डबा जिन्याखाली असतो आणि हिने त्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवले आहे, 'हे खायचे तेल नाही'.

सोसायटीच्या फलकावर मात्र गेल्या महिन्यात सूचना लागली, 'पार्किंगमध्ये वाहने दुरुस्त करू नयेत'. मी सेक्रेटरींना लेखी कळवले आहे की तेल बदलणे ही दुरुस्ती नसून देखभाल आहे, फरशीवर डाग पडलेला नाही, आणि पडल्यास तो मी पुसून देईन. उत्तर आलेले नाही. परवा ते जिन्यात भेटले, इकडेतिकडे बघितले आणि हळूच म्हणाले, "ते गिअर ऑइलचं खरंच असतं का हो?"